विश्लेषण : जुने स्पीकर, नवा अ‍ॅम्प्लिफायर... जोडी जुळवायची कशी?

घरातली म्युझिक सिस्टीम बंद पडते तेव्हा ती सगळीच्या सगळी क्वचित बिघडलेली असते. सीडीचा ट्रे अडकतो, कॅसेट डेकचा बेल्ट सैल होतो, रिमोट हरवतो. पण दोन्ही बाजूंचे लाकडी स्पीकर बहुधा ठणठणीत असतात. असे स्पीकर अनेक घरांत कपाटावर किंवा माळ्यावर पडून आहेत. त्यांना फोन आणि टीव्ही जोडता येईल असे तळहाताएवढे अ‍ॅम्प्लिफायर आता बाजारात काही हजार रुपयांपासून मिळतात. प्रश्न निवडीचा आहे. खोक्यावरचे वॉट पाहून खरेदी केली, तर पैसे वाया जाण्याची आणि चांगले स्पीकर जळण्याचीही शक्यता असते. ही जोडी जुळवताना आधी काय पाहायचे, याविषयी...

जुने स्पीकर ठेवण्यात अर्थ आहे का?

म्युझिक सिस्टीमचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने म्हातारे होतात. सीडीची लेझर, रबरी बेल्ट, बटणे आणि डिस्प्ले हे भाग लवकर थकतात. शिवाय ब्लूटूथ, वाय-फाय, एचडीएमआय अशी जोडणीची पद्धत दर काही वर्षांनी बदलते. स्पीकरमध्ये मात्र चुंबक, तारेचे वेटोळे, पडदा आणि लाकडी पेटी एवढेच असते. ते नीट वापरले, तर वीस-तीस वर्षेही टिकतात.

दुसरे कारण आकाराचे. डग्ग्याचा घुमार किंवा तंबोऱ्याचा खर्ज ऐकू यायचा, तर पुरेशी हवा हलवावी लागते. त्यासाठी पाच-सहा इंची वूफर आणि बऱ्यापैकी मोठी पेटी लागते. टीव्हीखालच्या बारीक साउंडबारला ही मर्यादा सहज ओलांडता येत नाही. दोन स्पीकर एकमेकांपासून सहा-सात फुटांवर ठेवले, की गायक मध्ये आणि साथीदार दोन्ही बाजूंना असा जो भास होतो, तोही एकाच पट्टीतून मिळणे अवघड असते.

सगळेच जुने स्पीकर मात्र जपण्याजोगे नसतात. ‘होम थिएटर’च्या संचातले मुठीएवढे प्लास्टिकचे स्पीकर वेगळ्या सबवूफरच्या भरवशावर बनवलेले असतात. ते एकटे वाजवले, तर आवाज पातळ आणि कर्कश येतो. ज्या स्पीकरला स्वतःची विजेची वायर आहे, त्याच्या पोटात अ‍ॅम्प्लिफायर आधीच असतो. अशा ‘पॉवर्ड’ स्पीकरला नवा अ‍ॅम्प्लिफायर जोडू नये. त्याला फक्त ब्लूटूथ रिसिव्हर पुरतो आणि खर्च कितीतरी कमी होतो.

स्पीकरची तब्येत कशी तपासावी?

पुढची जाळी काढून पडद्याभोवतीची लवचिक कड पाहावी. ती रबराची असेल तर सहसा टिकलेली असते. फोमची असेल, तर काही वर्षांनी तिचा भुगा होऊ लागतो आणि दमट हवेत हे लवकर घडते. बोट लावताच कड तुटत असेल तर तो स्पीकर तसाच वाजवू नये. नवी कड चिकटवून घेता येते आणि चांगल्या स्पीकरसाठी हा खर्च परवडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली अशा इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत चौकशी केल्यास दुरुस्ती करणारे सापडतात.

कड शाबूत असेल तर पडदा चारही बोटांनी अगदी हलका आत दाबावा. तो सरळ आत जाऊन परत आला तर ठीक. ‘खर्र’ असा घासल्याचा आवाज आला, तर आतले वेटोळे चुंबकाला घासत आहे असे समजावे.

पुढची चाचणी पेन्सिल सेलची. दीड व्होल्टच्या सेलची एक वायर काळ्या टोकाला धरून दुसरी लाल टोकाला क्षणभर टेकवावी. ‘टक’ आवाज येऊन वूफरचा पडदा हलला, तर तो जिवंत आहे. सेलची धन बाजू लाल टोकाला असताना पडदा बाहेर यायला हवा. सेल जोडून ठेवायचा नाही, फक्त टेकवायचा. ट्विटर या चाचणीत नीट कळत नाही. त्यासाठी हळू आवाजात गाणे लावून कान ट्विटरजवळ न्यावा. टाळ, झांज यांची किणकिण ऐकू आली पाहिजे.

स्पीकरच्या मागचे आकडे काय सांगतात?

मागच्या पट्टीवर साधारण तीन आकडे असतात. पहिला इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. तो ओहममध्ये मोजतात आणि घरगुती स्पीकरवर ४, ६ किंवा ८ असा लिहिलेला असतो. आकडा जितका लहान, तितका स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरकडून जास्त प्रवाह ओढतो.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटी. साधारण १ वॉट वीज दिल्यावर १ मीटर अंतरावर स्पीकर किती मोठा वाजतो, ते यातून कळते. घरगुती स्पीकर बहुधा ८४ ते ९० डेसिबलच्या दरम्यान असतात. हा आकडा अनेकदा पट्टीवर नसतो, माहितीपुस्तिकेत असतो. पण निवडीसाठी तोच सर्वांत उपयोगी आहे.

तिसरा आकडा वॉटचा. ‘१०० वॉट’ असे लिहिले असेल तर या स्पीकरला १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, असा समज होतो. प्रत्यक्षात ती स्पीकरची सहनशक्ती आहे, त्याची गरज नव्हे. हाच स्पीकर १० वॉटवरही व्यवस्थित वाजतो.

पट्टी निघून गेली असेल तर मल्टिमीटर वापरावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५ च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर वायर किंवा वेटोळे तुटलेले आहे.

ओहम जुळले नाहीत तर काय होते?

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘४ ते ८ ओहम’ किंवा ‘किमान ६ ओहम’ असे लिहिलेले असते. नियम एकच आहे. स्पीकरचे ओहम त्या किमान आकड्याइतके किंवा त्याहून जास्त हवेत. ४ ओहमला चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला ८ ओहमचा स्पीकर लावला, तर काहीही बिघडत नाही. फक्त कमाल वॉट कमी मिळतात. उलट ‘किमान ८ ओहम’वाल्या अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर लावून आवाज वाढवला, तर तो तापतो, मध्येच बंद पडतो आणि संरक्षण नीट नसेल तर कायमचा जातो.

जुन्या मिनी सिस्टीमच्या बाबतीत दोन गोष्टी तपासाव्यात. काहींचे स्पीकर ३ ओहमचे असतात. त्यांच्यासाठी किमान ४ ओहमचा अ‍ॅम्प्लिफायरही कागदोपत्री बसत नाही. काहींमध्ये एकेका स्पीकरला दोनऐवजी चार वायरी येतात, दोन वूफरच्या आणि दोन ट्विटरच्या. अशा संचात आवाजाची विभागणी मुख्य यंत्रातच होत असे, स्पीकरमध्ये नाही. त्या चारही वायरी नव्या अ‍ॅम्प्लिफायरला सरळ एकत्र जोडल्या, तर ट्विटर जळू शकतो. आधी तंत्रज्ञाकडून स्पीकरमध्ये क्रॉसओव्हर बसवून घ्यावा लागतो.

हॉल आणि बेडरूमसाठी एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर स्पीकरच्या दोन जोड्या लावण्याचा मोहही होतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की अ‍ॅम्प्लिफायरला ते मिळून ४ ओहमचे दिसतात. ४ ओहमचे दोन जोडले तर २. घरगुती छोट्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी २ ओहम धोक्याचे असतात.

घरात वॉट किती लागतात?

समजा ८७ डेसिबलच्या स्पीकरची जोडी आहे आणि ऐकणारा ३ मीटरवर, म्हणजे सुमारे १० फुटांवर बसला आहे. अंतरामुळे आवाज उतरतो. पण दोन स्पीकर आणि खोलीच्या भिंती त्यातला काही भाग भरून काढतात. प्रत्येक स्पीकरला केवळ १ वॉट दिला, तरी कानाशी ८० डेसिबलच्या वर आवाज पोहोचतो. समोरासमोरचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे रोजच्या ऐकण्यात अ‍ॅम्प्लिफायर सरासरी एखादाच वॉट खर्च करत असतो.

मग जास्त वॉट कशासाठी? संगीताचा आवाज सारखा एका पातळीवर राहत नाही. तबल्याची थाप, ढोलाचा ठोका किंवा गायकाची अचानक तार सप्तकातली झेप सरासरीपेक्षा १० ते १५ डेसिबल वर जाते. १० डेसिबल वर जायला दहापट वीज लागते, १५ डेसिबलला सुमारे बत्तीसपट. म्हणून सरासरी १ वॉटसाठी ३० खऱ्या वॉटची तयारी ठेवावी लागते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. ५० वॉटऐवजी १०० वॉटसाठी बरेच जास्त पैसे मोजणे त्यामुळे अनेकदा व्यर्थ ठरते. उलट ८४ डेसिबलच्या आणि ९० डेसिबलच्या स्पीकरमध्ये ६ डेसिबलचा फरक आहे. तेवढाच आवाज काढायला पहिल्याला चौपट वीज लागते. साध्या बेडरूमला प्रत्येक बाजूला १५ ते २० खरे वॉट पुरतात. मध्यम हॉलला ३० ते ५० पुरतात. स्पीकर कमी सेन्सिटिव्हिटीचे असतील किंवा हॉल मोठा असेल, तरच त्यापुढे जावे.

खोक्यावरचे वॉट खरे असतात का?

‘पीएमपीओ’ची आठवण अनेकांना असेल. प्लास्टिकच्या डेकवर हजारो वॉटचे स्टिकर असे. तो आकडा मोजण्याची कोणतीही ठरलेली पद्धत नव्हती आणि त्याला व्यवहारात अर्थही नव्हता. सलग किती ताकद मिळते ते ‘आरएमएस’ म्हणून दिलेल्या आकड्यावरून बरेच नेमके कळते. पण त्यातही पळवाटा आहेत. ८ ओहमऐवजी ४ ओहमवर मोजले की आकडा फुगतो. १ टक्क्याऐवजी १० टक्के विकृती (डिस्टॉर्शन) चालवून घेतली की तो आणखी फुगतो. १० टक्के विकृती म्हणजे आवाज उघडउघड फाटलेला.

ही फसवणूक जुनी आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या वॉटबाबत नियम केला होता. २०२४ मध्ये तो सुधारून मोजणीच्या अटी आणखी स्पष्ट करण्यात आल्या. ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि १ टक्क्याहून कमी विकृती, अशा त्या अटी आहेत. खरेदी करताना हीच मोजपट्टी लावावी.

अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या छोट्या डब्यांसाठी याहून सोपी कसोटी आहे. अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करावा. १२ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे २४ वॉट. आत एकूण २४ वॉट जात असतील तर बाहेर सलग ‘१०० + १०० वॉट’ येणार नाहीत. दुसरा हिशेब व्होल्टचा. अशा बहुतेक डब्यांत व्होल्टचा वर्ग करून त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागले, की प्रत्येक बाजूच्या स्वच्छ वॉटची वरची मर्यादा मिळते. ८ ओहमच्या स्पीकरवर १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर फार तर ९ वॉट देऊ शकतो, १९ व्होल्टचा सुमारे २२, २४ व्होल्टचा ३६ आणि ३२ व्होल्टचा ६४.

या डब्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘टीपीए३११६’ चिपचेच उदाहरण घेता येईल. प्रत्येक बाजूला ५० वॉट हा तिचा आकडा २१ व्होल्ट, ४ ओहम आणि १० टक्के विकृती या अटींवरचा आहे. तीच चिप १२ व्होल्टवर आणि ८ ओहमच्या स्पीकरवर चालवली, तर ५० चे ९ होतात. खोक्यावर मात्र ५० च छापलेले असते.

कमी वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर जळतो का?

कमी वॉट हे कारण नसते. अ‍ॅम्प्लिफायरकडे नाही तेवढे मागणे हे कारण असते. ९ वॉटच्या डब्यावर आवाज पूर्ण वाढवला, की लहरीचे शेंडे कापले जातात. याला ‘क्लिपिंग’ म्हणतात. कापलेल्या लहरीतून वरच्या पट्टीची जादा ऊर्जा ट्विटरकडे जाते. ट्विटरचे वेटोळे केसासारख्या बारीक तारेचे असते आणि ते तापून तुटते. त्यामुळे १०० वॉट सहन करणारा स्पीकर छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवरही बाद होऊ शकतो, आणि ४० वॉटचा स्पीकर ८० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर बेताने वाजवला तर वर्षानुवर्षे टिकतो.

‘बास बूस्ट’चे बटण हे यातले छुपे कारण. खर्ज १० डेसिबलने वाढवला की त्या भागासाठी दहापट वीज लागते. घरी वाढदिवस किंवा गणपतीची आरती असली, की बास आणि आवाज दोन्ही वाढवले जातात आणि नेमके तेव्हाच स्पीकर जातात. आवाज कोरडा, कर्कश किंवा फाटका वाटू लागला की लगेच मागे यावे, हा एकच उपाय.

छोटा डबा मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरची बरोबरी करतो का?

जुने अ‍ॅम्प्लिफायर ‘क्लास एबी’ पद्धतीचे असत. त्यांतली बरीच वीज उष्णतेत जाई. म्हणून जाड ट्रान्सफॉर्मर आणि अ‍ॅल्युमिनियमचे मोठे हीटसिंक लागत आणि वजन सात-आठ किलोवर जाई. ‘क्लास डी’ पद्धतीत ट्रान्झिस्टर अतिशय वेगाने पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होत राहतात. त्यामुळे ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोहोचू शकते, उष्णता कमी होते आणि डबा लहान होतो. यातला ‘डी’ म्हणजे ‘डिजिटल’ नव्हे. ए, बी, सी नंतरचे ते पुढचे अक्षर एवढेच.

चांगल्या बनावटीचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर आज घरगुती वापरात कशातही कमी नाही. स्वस्त डब्यांत कसर राहते ती मुख्यतः अ‍ॅडॅप्टरच्या दर्जात. गाणे बंद असताना स्पीकरमधून ‘हिस्स’ किंवा गुणगुण ऐकू येते ती अनेकदा त्यामुळेच. अ‍ॅडॅप्टरवर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहून घ्यावे.

एक इशारा मात्र महत्त्वाचा. अशा बहुतेक डब्यांत काळे टोक जमिनीला (ग्राउंड) जोडलेले नसते, त्यातूनही आवाजाची वीज वाहते. त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूची काळी टोके एकमेकांना जोडली तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. जुन्या वायरिंगमध्ये दोन्ही स्पीकरसाठी मिळून तीनच वायरी ओढलेल्या असतील, तर त्या बदलून चार कराव्यात.

टीव्ही, फोन, रेकॉर्ड प्लेअर... कोणत्या जोडण्या हव्यात?

खरेदीपूर्वी घरात ऐकायचे काय काय आहे, याची यादी करावी. फक्त फोनवरची गाणी ऐकायची असतील तर ब्लूटूथ पुरते. पण फोन आला की गाणे थांबते आणि फोन दुसऱ्या खोलीत नेला की तुटते. वाय-फायवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर गाणे इंटरनेटवरून स्वतः घेतो, फोन केवळ रिमोटसारखा राहतो. एअरप्ले, गुगल कास्ट, स्पॉटिफाय कनेक्ट यांपैकी आपल्याला लागणारी सोय त्यात आहे का, हे आधी पाहावे.

टीव्हीचा आवाज स्पीकरवर हवा असेल तर ब्लूटूथवर भिस्त ठेवू नये. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. त्यासाठी ‘एचडीएमआय एआरसी’ उत्तम. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून ही सोय आली आणि तिच्यामुळे सहसा टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त करता येतो. ती नसेल तर ऑप्टिकल केबल चालते. दोन्हींत एक गोष्ट हमखास राहते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर ठेवावा लागतो. तो डॉल्बीवर राहिला, तर अनेक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाजच येत नाही आणि यंत्र खराब निघाले असा समज होतो.

जुना रेकॉर्ड प्लेअर असेल तर ‘फोनो’ इनपुट आहे का, ते पाहावे. रेकॉर्डच्या सुईतून अवघे ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात, सीडी प्लेअरमधून सुमारे २ व्होल्ट. साध्या इनपुटमध्ये रेकॉर्ड अगदी क्षीण आणि खर्जाविना ऐकू येते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ‘फोनो’ नसेल तर वेगळा छोटा फोनो प्रीअ‍ॅम्प घेता येतो. पुढे कधी सबवूफर घ्यायचा विचार असेल, तर ‘सब आउट’ असलेले मॉडेल निवडावे.

बाजारात पर्याय कोणते?

ढोबळमानाने चार. पहिला, अ‍ॅडॅप्टरवर चालणारा साधा डबा. ब्लूटूथ आणि एखादे इनपुट एवढेच त्यात असते. बेडरूम, अभ्यासाची खोली आणि बऱ्या सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर यांना तो पुरतो. २४ व्होल्ट किंवा त्याहून जास्तीचा अ‍ॅडॅप्टर असलेला घ्यावा.

दुसरा, वाय-फाय आणि एचडीएमआय असलेला स्ट्रीमिंग अ‍ॅम्प्लिफायर. २०२३ मध्ये आलेला ‘वीम अ‍ॅम्प’ हे त्याचे उदाहरण. कंपनीच्या दाव्यानुसार तो ८ ओहमवर प्रत्येक बाजूला ६० वॉट देतो. टीव्ही आणि गाणी दोन्ही एकाच स्पीकरवर हवी असलेल्या हॉलसाठी हा प्रकार सोयीचा.

तिसरा, सीडी, रेडिओ आणि स्ट्रीमिंग एकाच पेटीत देणारा कॉम्पॅक्ट रिसिव्हर. मरांट्झचा ‘एम-सीआर६१२’ किंवा डेनॉनची ‘सीओल’ मालिका ही त्यातली नावे. तो महाग पडतो. पण घरात शंभर-दोनशे सीडी असतील तर त्याला अर्थ आहे.

चौथा, वापरलेला जुना पूर्ण आकाराचा अ‍ॅम्प्लिफायर. कमी पैशांत जास्त ताकद मिळते, मात्र आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते का आणि दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, हे समोर वाजवून पाहावे. परदेशातून कोणी आणून देणार असेल तर मागची विजेची पट्टी आधी वाचावी. अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्ट वीज असते. केवळ तेवढ्यावर चालणारे यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावले तर जळते. पट्टीवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असेल तर काळजी नाही.

जोडताना काय सांभाळावे?

महागड्या स्पीकर वायरची गरज नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक दुहेरी वायर पाच मीटरपर्यंत निर्धास्त चालते. एवढ्या लांबीत तिचा जाऊन-येऊन अडथळा ०.१२ ओहमच्या आसपास असतो, ८ ओहमच्या तुलनेत नगण्य. जोडणी अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवूनच करावी आणि वायरीचा एकही सुटा तंतू शेजारच्या टोकाला लागणार नाही, हे पाहावे.

लाल टोक लालला आणि काळे काळ्याला, हे दोन्ही बाजूंना सारखे असावे. एका बाजूला उलटे झाले, तर बिघाड होत नाही, पण दोन्ही पडदे विरुद्ध दिशेने हलतात. खर्ज गायब होतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी न राहता खोलीभर विखुरतो. नवा अ‍ॅम्प्लिफायर ‘पातळ’ वाजतो, या तक्रारीमागे कित्येकदा एवढीच चूक असते.

जागाही तितकीच महत्त्वाची. कपाटावर किंवा कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर घुमतो आणि शब्द अस्पष्ट होतात. भिंतीपासून थोडे पुढे, ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण होईल, अशी मांडणी करावी. हा बदल फुकट आहे आणि अनेक घरांत तो नव्या अ‍ॅम्प्लिफायरइतकाच फरक पाडतो.

खरेदीचा क्रम काय असावा?

आधी स्पीकर तपासावेत आणि लागल्यास दुरुस्त करून घ्यावेत. मग ओहम आणि सेन्सिटिव्हिटी लिहून काढावी. तिसऱ्या पायरीवर खोली आणि बसण्याचे अंतर पाहून खऱ्या वॉटचा अंदाज बांधावा. त्यानंतर लागणाऱ्या जोडण्यांची यादी करावी आणि शेवटी किमतीकडे वळावे. बहुतेक जण नेमके उलटे, म्हणजे किंमत आणि वॉट यांपासून सुरुवात करतात.

परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहून घ्यावे आणि ती मुदत संपण्याच्या आत अ‍ॅम्प्लिफायर आपल्याच स्पीकरवर वाजवून पाहावा. त्यासाठी वर्षानुवर्षे कानात बसलेले एखादे गाणे घ्यावे. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये येतो का, शब्द स्पष्ट आहेत का, डग्गा आणि चाट वेगवेगळे कळतात का, नेहमीच्या आवाजावर अर्धा तास ऐकून डोके जड होते का, हे पाहावे. गाणे थांबवून स्पीकरजवळ कान न्यावा. शांतता असेल आणि डबा हाताला चटका बसण्याइतका तापलेला नसेल, तर जोडी जुळली. स्पीकर मुळात चांगले असतील, तर त्यांना पुन्हा वाजते करण्याचा खर्च नव्या संचापेक्षा बहुधा बराच कमी येतो.